नागरी तंत्रज्ञानाचे शिक्षण आणि आपला समाज

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वर्धापन दिनाला धम्मावर बोलायचे, बाबासाहेबांवर बोलायचे, हे तंत्रज्ञान मध्येच कुठून आले? आणि तेही गिरणीत काम केलेल्या माणसाच्या तोंडून! पण मित्रहो, पाच मिनिटे दम धरा. हा विषय आपल्या रेशनच्या पिशवीपर्यंत आणि पोरांच्या जातीच्या दाखल्यापर्यंत येऊन पोचलेला आहे.

मागल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका विद्यापीठाच्या सार्वजनिक धोरण विभागाची सात-आठ मुले-मुली आपल्या विहारात आली होती. सार्वजनिक धोरण म्हणजे काय, तर सरकार लोकांसाठी काय करायचे ठरवते, कसे ठरवते आणि ते ठरवलेले खाली का पोचत नाही, याचा अभ्यास. त्या अभ्यासात आता एक नवा विषय शिकवतात, त्याला नागरी तंत्रज्ञान म्हणतात. म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार मोबाइलवरून करणे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन टाकणे, योजनेच्या यादीत आपले नाव आहे का ते बघणे, गावाच्या नकाशावर पाण्याच्या लाइनी दाखवणे. नागरिक आणि सरकार यांच्यात जे यंत्र उभे राहते ते सगळे यात आले. ती मुले उलव्यातल्या तक्रारी गोळा करायला आली होती आणि त्यांनी मोबाइलमध्ये एक फॉर्म बनवून आणला होता. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न होता, तुमचा प्रभाग कोणता? तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचाच नाही.

आता उलव्याला प्रभाग कुठला? नवी मुंबई महापालिका १९९२ साली झाली, तिच्यात आपण नाही, कारण ती ठाणे जिल्ह्याच्या बाजूला आणि आपण रायगडात. पनवेल महापालिका २०१६ साली झाली, तिच्यातही उलवे आले नाही. इकडे गावाला ग्रामपंचायत आणि सेक्टरला सिडको. दिव्याचा खांब एकाचा, गटार दुसऱ्याचे, वीज तिसऱ्याची आणि बस चौथ्याची. बामणडोंगरी-खारकोपरला २०१८ साली लोकल आली, २०२४ साली अटल सेतू झाला, २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. आकाशातून माणूस उलव्याला उतरला, पण आपल्या दारातली तुंबलेली चेंबर कोणाच्या खात्यात मोडते हे विचारायला नगरसेवक नाही. सिडकोचे साहेब आपण मत देऊन निवडलेले नसतात.

त्या मुलांपैकी एक मुलगी हुशार. ती म्हणाली, "काका, मग मी इथे काय भरू?" आम्ही म्हटले, "पोरी, तुझा फॉर्म चांगला आहे, पण तो ज्याला नगरसेवक आहे त्याच्यासाठी बनवलाय. ज्याला नाही त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नाही." तिने तिथेच वही काढून लिहून घेतले. मग महिला मंडळातल्या एका आजींनी आपले दोन्ही अंगठे तिच्या पुढे धरले. आयुष्यभर लोकांची भांडी घासून त्या अंगठ्यांच्या रेषा पुसल्यात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उठत नाही, म्हणून दुकानदार म्हणतो उद्या या. आजी तीन उद्या करून आलेल्या. त्या म्हणाल्या, "बाय, ह्याचं काय करशील तुझ्या मोबाइलात?" मुलीला उत्तर देता आले नाही, पण ती हसली नाही की उठून गेली नाही, हे आम्हाला आवडले.

पुढे त्यांच्या प्राध्यापकांनी आम्हाला वर्गात बोलावले. आम्ही काही पदवीधर नाही. वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत जेवढे वाचले तेवढेच आमचे शिक्षण. तरी गेलो. पंचवीसेक मुले होती. तिथे आम्ही जे बोललो ते थोडे वाढवून आज आपल्या लोकांपुढे मांडतो आहोत, कारण ते जितके त्या मुलांसाठी होते तितकेच आपल्या मुलांसाठी आहे.

वर्गात आम्ही सुरुवात केली ती मागावरच्या धोट्यापासून. गिरणीत कापड विणायचे खाते म्हणजे साचा खाते. तिथे पगार चांगला. पण आमच्या बापजाद्यांना त्या खात्यात घेत नसत. त्यांना रिंग खात्यात, झाडलोटीत, जिथे पगार कमी तिथे टाकायचे. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक भोकातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून ओढायचा. आता एका धोट्याला अस्पृश्याने तोंड लावले तर दुसरा विणकर त्याला कसे लावणार? म्हणून अख्खे खातेच आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. संप सगळ्या कामगारांचा आणि विणकामाचे दार मात्र काही कामगारांना बंद, हे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले.

मित्रहो, धोट्याला जात होती का? लाकडाचा, टोकाला लोखंड लावलेला तो धोटा. तो कुणाला ओळखत नव्हता. पण तो ज्या पद्धतीने चालवायचे ठरले त्या पद्धतीतून जात आत शिरली. तोंड न लावता सूत ओढता येईल असा धोटा जगात बनत होता. तो आणला असता तर निदान ती सबब तरी गेली असती. आणला नाही, कारण ज्यांना त्रास होता त्यांना कुणी विचारत नव्हते आणि जे ठरवत होते त्यांना त्रास नव्हता. आम्ही त्या मुलांना म्हटले, तुमच्या फॉर्ममधला प्रभागाचा रकाना आणि आजींच्या रेशनचे यंत्र ही या धोट्याचीच भावंडे आहेत. वर्गात कुणीच बोलेना. प्राध्यापकांनी फळ्यावर धोट्याचे चित्र काढायला सांगितले, ते आम्हाला काही नीट जमले नाही, पण मुलांनी मोबाइलने त्याचा फोटो घेतला.

आता कोणी म्हणेल, ही सगळी पुढारलेल्या देशांची फॅशन आहे. तसे नाही. पुढारलेल्या देशांनाही ठेच लागूनच शहाणपण आले. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी सरकारने आरोग्य विम्याची वेबसाइट सुरू केली. लाखो लोक तिच्यावर गेले आणि पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण झाली किती जणांची, तर ६! कायदा करणारे वेगळे, वेबसाइट बांधणारे वेगळे, आणि दोघांची भाषा एकमेकांना कळत नव्हती. त्यानंतर तिकडच्या धोरण शिकवणाऱ्या शाळांना हा विषय टाळता येईना. बाबासाहेब जिथे १९१३ ते १९१६ शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक धोरणाचे विद्यालय आहे, आणि लंडनच्या ज्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी डी.एस्सी. घेतली तिथेही आहे. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अर्थशास्त्र विभागाच्याच नावात आता सार्वजनिक धोरण हे शब्द आले आहेत, कलिन्याला. पुण्यात गोखले संस्था १९३० पासून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवते आहे.

पण आम्हाला सगळ्यात जवळचे वाटते ते पवईचे. आय.आय.टी.मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे एक केंद्र १९८५ पासून आहे, त्याला सितारा म्हणतात. तिथल्या मुलांना पदवीसाठी खेड्यात जाऊन काही आठवडे राहावे लागते. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात त्या लोकांनी पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास केला. कागदावर योजना पूर्ण, टाकी बांधलेली, आणि उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडा घेऊन दोन डोंगर पलीकडे! टाकीची उंची किती, पाइप केवढा, पंप चालवणाऱ्याला पगार कोण देतो, असे एकेक मोजत गेले की कळते पाणी कुठे अडले. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने याच धर्तीवर उन्नत महाराष्ट्र अभियान काढले, की जिल्ह्याजिल्ह्यातल्या इंजिनियरिंग कॉलेजांनी आपल्या भागातले असे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. कल्पना चांगली आहे. पण आम्ही विचारतो, नवी मुंबईत इंजिनियरिंग कॉलेजे काय थोडी आहेत? आपल्याच घरांतली पोरे तिथे शिकतात. त्यांच्यापैकी किती जणांचा प्रोजेक्ट उलव्याच्या पाण्यावर किंवा गव्हाण-वहाळच्या गटारावर झाला? दुकानातून तयार प्रोजेक्ट आणायचा, सोनेरी अक्षरांचे पुठ्ठे लावायचे, झाले.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या नावानिशी सरकारच्या कमिशनला निवेदन दिले. ज्यांना सही करता येत नव्हती अशा माणसांची मागणी कागदावर आणणे, हे त्या काळचे नागरी तंत्रज्ञानच होते. रविवारची सुट्टी त्या लढ्यातून १८९० साली मिळाली. आणि आपल्या जिल्ह्यातले महाड घ्या. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये पास झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. धोरण झाले, कागद झाला, शिक्का झाला. पाणी मिळाले का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा कुठे त्या ठरावाची खरी परीक्षा झाली, आणि पुढे कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यात किती अंतर असते ते महाडने दाखवले. धोरण शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिला धडा महाडचा असावा असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते आम्ही तिथे बोलूनही दाखवले.

इथे भन्तेजी बसलेत, आमचे काही चुकले तर ते सुधारतील. तथागतांच्या भिक्खू संघात एखाद्या प्रश्नावर मतभेद झाला तर शलाका वाटून मत घेतले जाई. शलाका म्हणजे लाकडाच्या छोट्या काड्या. त्या गोळा करणाऱ्या भिक्खूची निवड संघ करी, आणि तो कसा असावा हे विनयात सांगितले आहे. जो लोभाने, द्वेषाने, मोहाने वा भीतीने झुकणार नाही आणि कोणाची काडी घेतली, कोणाची राहिली हे ज्याला नीट कळते, तोच. गुप्त मत, कानात सांगून मत आणि उघड मत असे तीन प्रकारही होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी मुद्दाम सांगितले की संसदेचे कामकाज भारताला नवे नाही, संघाला ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सर्व माहीत होते. आता विचार करा, काडी हे तंत्र. पण तथागतांच्या संघाने काडीपेक्षा काडी गोळा करणाऱ्याची जास्त काळजी घेतली. आजकाल कोणतेही ॲप आले की लोक विचारतात किती वेगवान आहे. ते चालवणारा कोण आणि तो कोणाला घाबरतो हे कोणी विचारत नाही. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी परंपरेवर किंवा ग्रंथावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका असे सांगितले. संगणकाने सांगितले म्हणून खरे, हीसुद्धा आजची नवी पोथीच आहे. यादीत नाव नाही म्हटल्यावर आपली माणसे मुकाट्याने घरी येतात. का नाही, हे विचारायला हवे.

आता जिथे आपले सर्वांत जास्त नुकसान झाले त्या गोष्टीकडे येतो. मुंबईच्या गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळ मानाने त्याचा अर्थ असा की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला. फार मोठा बदल वाटणार नाही असा. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर गिरणीच्या आवारात जी जागा आधीपासून रिकामी आहे तेवढ्याचीच. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असते किती? शेड, गोदाम, चिमणी, यांनीच सगळी जागा व्यापलेली. थोड्या शब्दांनी घरांची आणि मैदानांची जमीन सुकून गेली. हायकोर्टाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला. तेव्हा आम्ही मोर्चात होतो, लाटणे मोर्चा काय, घेराव काय, सगळे केले. पण मित्रहो, असा बदल करायच्या आधी सरकारला तो जाहीर करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, कायद्यात तशी तरतूद आहे. ती बारीक अक्षरातली सूचना वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि मुदतीत हजारो हरकती दाखल करवून घेणारा माणूस आपल्या चाळींत किती ठिकाणी होता? घोषणा देणारे गळे आपल्याकडे भरपूर होते. राजपत्र वाचणारे डोळे फार थोडे होते.

आम्ही त्या वर्गात नियम ५८ ची गोष्ट सांगितली आणि म्हटले, नागरी तंत्रज्ञान शिकवायचे तर हे शिकवा. आजकाल मसुदे वेबसाइटवर येतात, पण अशा कोपऱ्यात की शोधणाऱ्यालाच सापडतील. तो मसुदा शोधून, जुना नियम आणि नवा नियम शेजारी शेजारी ठेवून, कुठला शब्द बदलला ते लाल रंगात दाखवणारे आणि सोप्या मराठीत वस्तीच्या व्हॉट्सॲपवर पाठवणारे साधन बनवा. खड्ड्याचे फोटो काढणारी ॲपे पुष्कळ झाली. खड्डा दिसतो, त्याला ॲप कशाला! जो शब्द दिसत नाही तो दाखवा.

घरांचीच गोष्ट पुढे नेतो. म्हाडाने २०१२ साली गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली. २ डिसेंबर २०१६ रोजी आपल्या शेजारी, पनवेलजवळ कोनच्या २,४१७ घरांची सोडत झाली. सोडत संगणकावर, सर्वांसमोर. त्यात वशिला चालला नाही ही चांगली गोष्ट, ती मान्य केली पाहिजे. बटण दाबले, नाव आले, लोक रडले, पेढे वाटले. पण कोनच्या घरांच्या चाव्या हातात पडेपर्यंत कित्येक वर्षे गेली आणि काही कामगार तोवर उरले नाहीत. २०२३ साली उरलेल्या अर्जदारांची पात्रता ठरवायला कागदपत्रे ऑनलाइन मागवली. सोय होती, घरबसल्या. पण गिरणीच्या मस्टरवर आमच्या लोकांची नावे कशी? "सखाराम धोंडू". आडनाव नाही. गावच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, तिकीट नंबरच्या कार्डावर जॉबरने सांगितले तसे दुसरे, आधार कार्डावर तिसरे. बदली कामगाराकडे तर पगाराच्या चिठ्ठ्याही धड नाहीत. वारस मुलगी असेल तर लग्नानंतरचे चौथे नाव. संगणकाला चार नावे म्हणजे चार माणसे. विधवा बाईने पुरावा कुठून आणायचा? बटणाचा शोध लावणारा हुशार खरा, पण बटणाच्या आधीची आणि नंतरची वर्षे ज्याने पाहिली नाहीत त्याच्या हातून असेच होणार.

म्हणून आमचे त्या प्राध्यापकांना एकच सांगणे होते. मुलांना संगणक शिकवायच्या आधी रांगेत उभे करा. एक महिना तहसील कचेरीच्या बाहेर, रेशन दुकानापुढे, सेतू केंद्रात. नापास झालेला अर्ज हातात घेऊन घरी जाणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या घरापर्यंत जा. आणि शिकवायला फक्त डॉक्टरेटवाले नकोत. सेतूवर वीस वर्षे फॉर्म भरणारी ताई, कामगार नेत्याचा जुना कारकून, आमच्या त्या अंगठे पुसलेल्या आजी, यांना मानधन देऊन वर्गात बोलवा. एका मुलाने विचारले, "काका, मग ॲप बनवूच नये का?" आम्ही म्हटले, अरे बनव ना! आम्ही गिरणीत कधी माग फोडले नाहीत. यंत्र आमचे शत्रू नव्हते. कोण चालवतो आणि काय भावाने, एवढेच आमचे भांडण होते. माहितीचा अधिकार २००५ साली आला, दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. लोकसेवा हक्काचा कायदा महाराष्ट्रात २०१५ साली आला, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरले, नाही दिला तर अपील. ही हत्यारे चांगली आहेत. धार आपण लावायची.

आणि आता जनगणना. शासनाने जून २०२५ मध्ये जाहीर केले की पुढच्या जनगणनेचा दिवस १ मार्च २०२७ धरायचा, यात जातीची नोंद होणार आणि माहिती कागदावर नव्हे तर मोबाइलवर भरली जाणार, आपली आपणही भरता येणार. २०११ ला महाराष्ट्रात आपण ६५ लाखांच्या वर बौद्ध नोंदलो गेलो. देशातल्या दर चार बौद्धांत तीन महाराष्ट्रातले. अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात बौद्धांना मिळण्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, तेव्हा कुठे कायद्यात बौद्ध हा शब्द आला. म्हणजे धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना हे दोन्ही आपल्या पोरांच्या फीशी, नोकरीशी बांधलेले आहेत. मोबाइलमध्ये यादीतून निवडायचे असते. धर्म बौद्ध निवडल्यावर पुढचा रकाना नीट उघडतो का, यादीत आपले नाव बरोबर लिहिले आहे का, मोजणीदाराने परस्पर दुसरेच काही टिचकी मारून ठेवले तर ते दुरुस्त कसे करायचे? आपल्याकडे पूर्वी भिंती रंगवून प्रचार व्हायचा, धर्म बौद्ध लिहा म्हणून. आता भिंत रंगवून भागणार नाही. तो फॉर्म उघडून आधी तपासणारी, चूक दिसली तर पुराव्यासह वर कळवणारी आपली मुले लागतील.

अशी मुले कुठे तयार होणार? बाबासाहेबांनी याचा विचार केला होता. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे, मुले विधेयकांवर वाद घालत. आणि १९५६ साली, अंगात बळ नसताना, त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. कायदा कसा होतो, अंदाजपत्रक कसे वाचायचे, सभागृहात कसे बोलायचे हे शिकल्याशिवाय आपल्या लोकांनी सत्तेच्या दारात जाऊ नये अशी त्यांची तळमळ. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते विद्यालय फार काळ चालले नाही. ते आपण का चालवू शकलो नाही हा प्रश्न प्रत्येक जयंतीला आमच्या मनात येतो, डी.जे.च्या आवाजात तो कुणाला ऐकू जात नाही ही गोष्ट वेगळी.

आज आपल्या उलव्यातल्या घरांतून ऐरोली-महापेच्या कंपन्यांत संगणकावर बसणारी पन्नास तरी मुले-मुली निघतील. परदेशातल्या बँकांचे हिशेब ती लिहितात. चांगले आहे, घराचा हप्ता भरला पाहिजे. पण त्यांच्यापैकी दोघांनी, फक्त दोघांनी, या सार्वजनिक धोरणाच्या शिक्षणाकडे वळावे असे आम्हाला वाटते. आई-वडील म्हणतील, त्याने नोकरी लागते का? सरकारी खात्यांत, संस्थांत, अभ्यास केंद्रांत आता अशी माणसे घेतात. आणि पैशाचे म्हणाल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, परदेशात जायचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, पुण्याला बार्टी आहे. अर्थात शिष्यवृत्तीचा अर्जही महाडीबीटीच्या पोर्टलवरूनच भरायचा, आणि आधार बँकेच्या खात्याला जोडले नसेल तर पैसे अडकतात. म्हणजे नागरी तंत्रज्ञान शिकायला जायचे तर आधी नागरी तंत्रज्ञानातूनच पार व्हावे लागते! हसण्यावारी नेऊ नका, मागच्या वर्षी आपल्याच वस्तीतल्या एका मुलीची फी याच कारणाने सहा महिने अडकली होती.

त्या विभागातली ती हुशार मुलगी आणि तिचे दोन सोबती परत आले होते, हे सांगायचे राहिले. त्यांनी फॉर्म बदलून आणला. प्रभाग काढून टाकला, त्या जागी सेक्टर किंवा गाव असे दोन पर्याय, आणि खाली एक रिकामी ओळ, वरीलपैकी काहीच लागू नसेल तर तुमच्या शब्दांत लिहा किंवा बोला. बोललेले आपोआप लिहिले जाते. आजींचे म्हणणे त्यात त्यांच्या आवाजात गेले. अंगठा उठत नसेल तर दुसरी कोणती सोय नियमात आहे, तेही त्या मुलांनी शोधून एका कागदावर छापून दिले. तो कागद दुकानदाराला दाखवल्यावर त्याने धान्य दिले, तेही उद्या न करता. गटाराच्या तक्रारींचे काय झाले ते विचारू नका, त्यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.

समितीशी बोलून एक गोष्ट ठरली आहे. येत्या रविवारपासून सकाळची बुद्ध वंदना झाल्यावर दहा ते एक विहाराच्या वाचनालयात एक टेबल लागेल. समितीने जुना का होईना एक संगणक आणि प्रिंटर घेतला आहे. दर रविवारी आपल्या वस्तीतली कॉलेजची दोन मुले आणि महिला मंडळातली एक ताई तिथे बसतील. त्या विभागाची मुलेही महिन्यातून एकदा येतो म्हणालीत. रेशन, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, गिरणीच्या घराची पात्रता, माहितीचा अधिकार, जे अडले असेल ते घेऊन या. आणि एक नोंदवही ठेवली आहे. काम झाले त्याची नोंद होईलच, पण काम झाले नाही आणि का झाले नाही, कुठल्या रकान्यात अडले, ते सविस्तर लिहायचे आहे. वर्षअखेरीला ती वही आम्ही त्या विभागाच्या वर्गात वाचून दाखवणार आहोत, तसे त्यांनी कबूल केले आहे. येताना मूळ कागद आणा, झेरॉक्स इथे काढून देऊ. ज्यांच्याकडे बापाचे गिरणीचे तिकीट कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाचे पासबुक असे काही असेल त्यांनी ते ट्रंकेतून बाहेर काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणावे, घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नये, तशीच राहू द्यावी.

नमो बुद्धाय. जय भीम.